सुख, आनंद आणि समाधान : ‘गीतारहस्या’तील सुखविचाराची शब्दार्थदृष्ट्या चिकित्सा

लोकमान्य टिळकांच्या ‘गीतारहस्या’वर आजवर जी चर्चा झाली, ती बव्हंशी दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली आहे. गीतेचे तात्पर्य कर्मपर की संन्यासपर, हा एक. आणि प्राचीन भाष्यकारांना, विशेषतः शंकराचार्यांना, टिळकांनी न्याय दिला की नाही, हा दुसरा. या वादाच्या धुरळ्यात ग्रंथाचे चौथे आणि पाचवे प्रकरण काहीसे बाजूला पडले. ‘आधिभौतिक सुखवाद’ आणि ‘सुखदुःखविवेक’ ही त्यांची नावे. मंडालेच्या तुरुंगात १९१०–११ च्या हिवाळ्यात लिहिल्या गेलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथात याच ठिकाणी टिळक हॉब्ज, मिल, सिज्विक आदी पाश्चात्य नीतिशास्त्रज्ञांशी समोरासमोर उभे राहतात. हा वाद ते मराठीतून घालतात. वादाचा निकाल काही अंशी या गोष्टीनेच ठरला आहे, आणि तो कसा ठरला हे पाहण्यासारखे आहे.

चौथ्या प्रकरणातील युक्तिवाद सुपरिचित आहे. बहुसंख्यांचे अधिकात अधिक सुख हे नीतीचे अंतिम माप मानले, तर अडचणी कोणत्या येतात, ते टिळक दाखवितात. कौरवांची सेना अकरा अक्षौहिणी व पांडवांची सात. तेव्हा केवळ डोकी मोजून न्याय ठरवावयाचा तर पांडवांचा पक्ष अन्यायाचा ठरेल. अमेरिकेतील एका मोठ्या शहरात ट्रामगाडीचा रस्ता व्हावा म्हणून अधिकाऱ्याला लाच दिली गेली. ट्राममुळे पुष्कळांची सोय झाली तरी लाच ती लाचच. कर्माची नीतिमत्ता बाह्य परिणामावर नसून कर्त्याच्या बुद्धीवर अवलंबून असते, हे टिळकांना यातून सिद्ध करावयाचे आहे, आणि ते त्यांनी जोरकसपणे केले आहे. मात्र हे सर्व आक्षेप सुखाच्या मोजणीवर आणि वाटणीवर आहेत. जे मोजावयाचे ते सुख म्हणजे काय, या प्रश्नाला त्यांनी स्पर्श होत नाही. तो प्रश्न पाचव्या प्रकरणासाठी राखून ठेवलेला आहे.

पाचव्या प्रकरणाच्या आरंभी टिळक नैयायिकांची व्याख्या घेतात: जे अनुकूल म्हणून अनुभवास येते ते सुख. नंतर ‘जे इष्ट ते सुख’ या पर्यायी व्याख्येचा ते परामर्श घेतात व ती सदोष ठरवितात. कारण असे की, तहानेल्याला पाणी इष्ट असते, पण पाण्याला कोणी सुख म्हणत नाही. म्हटले तर नदीत बुडणारा मनुष्य सुखात बुडाला, असे म्हणण्याची पाळी येईल. दृष्टान्त विनोदी आहे, परंतु त्यामागची पद्धत विनोदाची नाही. येथे टिळक कोणत्याही शास्त्रवचनाचा आधार घेत नाहीत. ‘असे कोणी म्हणत नाही’ एवढाच त्यांचा पुरावा आहे. बोलणाऱ्यांच्या रूढ प्रयोगावर व्याख्या घासून पाहण्याची ही रीत पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडातील तत्त्वज्ञांनी मोठ्या गाजावाजाने स्वीकारली. टिळकांनी ती सहज वापरली, आणि दुर्दैवाने या एका ठिकाणी वापरून सोडून दिली. तीच कसोटी ‘सुख’ या शब्दाला शेवटपर्यंत लावली असती, तर प्रकरणाचा ओघ कदाचित वेगळ्या दिशेने गेला असता.

ती लावून पाहावी. अनुकूल वेदना हा सुखाचा अर्थ धरला, तर मराठीतील ‘सुख’-युक्त शब्दांपैकी फार थोड्यांचा उलगडा होतो. बाई सुखरूप बाळंत झाली, असे आपण म्हणतो. तिने रात्रभर कळा सोसल्या असतील. अनुकूल वेदनेचा तेथे लवलेश नसेल. तरीही ‘सुखरूप’ हाच शब्द योग्य. प्रवासी सुखरूप पोचतो तेव्हा तो आनंदात आहे की कंटाळलेला आहे याची विचारपूस त्या शब्दात नसते. ‘सुखवस्तू’ कुटुंब म्हणजे खाऊनपिऊन बरे असलेले कुटुंब. त्या घरातील माणसे आतून कुढत असली तरी विशेषण बदलत नाही. उलट पक्षी, भर उन्हातून आल्यावर माठातले पाणी प्यालेल्या मनुष्याला सुख वाटते, पण तेवढ्यावरून तो सुखी आहे असे कोणी म्हणणार नाही.

हा भेद व्याकरणातही उमटला आहे. ‘मला सुख वाटते’ या वाक्यात अनुभव घेणारा चतुर्थीत आहे. सुख त्याला येऊन भिडते. ‘तो सुखी आहे’ या वाक्यात तो प्रथमेत आहे, आणि ‘सुखी’ हे त्याच्या एकंदर स्थितीचे विशेषण आहे. पहिल्या वाक्याचा खरेखोटेपणा ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला. दुसऱ्याचा तसा नाही. ‘मुलगी सासरी सुखी आहे’ हे वाक्य बहुधा बापच बोलतो, आणि शेजारीण ते मान हलवून खोडून काढू शकते. ‘तो स्वतःला सुखी समजतो’ या वाक्यातील खोच प्रत्येक मराठी भाषकाला कळते. ‘त्याला सुख वाटले असे तो समजतो’ हे वाक्य मात्र भाषेत बसतच नाही. हिरोडोटसने सांगितलेल्या कथेत सोलोन क्रीससला बजावतो की मरणापूर्वी कोणासही सुखी म्हणू नये. तेथील शब्द दुसऱ्या जातीचा आहे. पहिल्या जातीच्या सुखाबद्दल तो उपदेश निरर्थक झाला असता. माठातले पाणी गोड लागले की नाही, हे समजण्यासाठी मरेपर्यंत थांबावे लागत नाही.

व्युत्पत्तीतही हीच दुही आढळते. यास्काने ‘सुख’ची निरुक्ती देताना ‘ख’ म्हणजे इंद्रिये असे घेतले. इंद्रियांना जे हितकर ते सुख. आधुनिक भाषाशास्त्रज्ञांपैकी काहींनी हा शब्द ‘सुस्थ’ म्हणजे नीट बसलेले, सुस्थित, याचे प्राकृत वळणाचे रूप असावे असे सुचविले आहे. तर काहींनी ‘ख’ म्हणजे चाकाच्या तुंब्यातील आसाचे छिद्र असे मानले आहे. ऋग्वेदात हा शब्द रथाचे विशेषण म्हणून येतो, ही गोष्ट लक्षात घेता विनाखडखड चालणाऱ्या रथाची ही कल्पना अगदीच ओढूनताणून आणलेली वाटत नाही. व्युत्पत्तीवरून आजचा अर्थ सिद्ध होत नाही, हे खरे. तथापि एका बाजूस इंद्रियांना होणारी संवेदना आणि दुसऱ्या बाजूस नीट बसलेली स्थिती, असे दोन अर्थ या एका शब्दाच्या पोटात जुन्या काळापासून नांदत आले आहेत, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

आता पाचव्या प्रकरणातील युक्तिवादाची वाट पाहू. सुख म्हणजे निव्वळ दुःखाचा अभाव, हे मत टिळक खोडून काढतात. ज्याला खडीसाखर ठाऊकच नाही अशा मुलाच्या तोंडात तिचा खडा पडला, किंवा रस्त्याने जाताना अवचित गोड गाणे कानी आले, तर पूर्वीची इच्छा वा तळमळ नसतानाही सुख होते. म्हणून सुख ही स्वतंत्र वेदना आहे. येथवर ‘सुख’ निःसंशय संवेदना आहे. पुढे शारीर सुखाहून मानसिक सुख श्रेष्ठ ठरते. मग मनूची व्याख्या येते: जे परक्याच्या ताब्यात ते दुःख, जे आपल्या ताब्यात ते सुख. आणि अखेरीस गीतेच्या अठराव्या अध्यायातील सात्त्विक सुख, जे आत्मनिष्ठ बुद्धीच्या प्रसन्नतेतून उपजते, ते सर्वश्रेष्ठ म्हणून सांगितले जाते. या चढणीवर एक पायरी अशी आहे की जेथे ‘सुख’ ही वेदना राहत नाही, स्थिती होते. स्वाधीनता ही संवेदना नव्हे. बुद्धीची प्रसन्नताही खडीसाखरेच्या गोडीसारखी जिभेवर येऊन विरणारी वस्तू नव्हे. पायरी बदलली, पण नाम तेच राहिले. त्यामुळे वाचकाला वाटते की आपण एकाच जातीच्या वस्तूंची प्रतवारी पाहत आहोत: कनिष्ठ सुख, मध्यम सुख, उत्तम सुख. वस्तुतः मधेच जात बदललेली असते.

टिळकांना या भेदाची जाण नव्हती, असा आरोप कोणी करील तर तो अन्यायाचा होईल. कठोपनिषदातील श्रेय आणि प्रेय हा भेद ते जवळ करतात. परंतु भेदाची जाण असणे वेगळे आणि त्यासाठी वेगळे नाम योजणे वेगळे. ‘आधिभौतिक’ आणि ‘आध्यात्मिक’ ही विशेषणे लावून त्यांनी काम भागविले. विशेषण कितीही भारदस्त असले, तरी नामाला चिकटलेली क्रियापदे त्याने सुटत नाहीत. सुख ‘मिळते’, सुख ‘भोगतात’, सुख ‘लागू देत नाहीत’, सुख ‘बोचते’सुद्धा. आध्यात्मिक सुखही मग मिळविण्याची व भोगण्याची वस्तू बनते, आणि ज्या सुखवादाचे खंडन करावयाचे तो मागल्या दाराने परत येतो. श्रेष्ठ सुखासाठी कनिष्ठ सुख सोडा, असे म्हणणारा मनुष्य अजून सुखवादीच असतो. फक्त चोखंदळ सुखवादी.

या एकनामतेचा दुसरा परिणाम प्रतिपक्षाला भोगावा लागला. मिलने १८६१ साली प्रथम नियतकालिकातून व १८६३ मध्ये पुस्तकरूपाने आपला उपयुक्ततावाद मांडला, तेव्हा त्याचे मध्यवर्ती विधान असे होते की ‘हॅपिनेस’ म्हणजे ‘प्लेझर’ आणि दुःखाचा अभाव. इंग्रजीत हे विधान वादग्रस्त आहे. त्या भाषेत हे दोन शब्द सहसा एकमेकांच्या जागी चालत नाहीत, म्हणूनच त्यांचे समीकरण मांडण्याला धाडस लागते. अभिरुचीनुसार सुखाच्या प्रती कमीअधिक असतात, ही पुस्ती मिलला जोडावी लागली तीही याच अडचणीपोटी. मराठीत हे दोन्ही शब्द ‘सुख’ या एकाच शब्दाने भाषांतरित होतात. मग मिलच्या विधानाचे काय होते? ‘सुख म्हणजे सुख’ असे त्याचे रूप होते. सिद्ध करावयाचा सिद्धान्त स्वयंसिद्ध वाटू लागतो, आणि त्यावर घ्यावयाचा खरा आक्षेप, म्हणजे हे समीकरणच चुकीचे आहे हा, मराठी वाचकाला सुचण्याचा मार्ग बंद होतो. टिळकांनी मिलला इतर वाटांनी गाठले. पण मिलचा सर्वांत कच्चा दुवा मराठीच्या ‘सुखा’आड झाकला गेला, आणि हे झाकण टिळकांनी घातलेले नसून भाषांतराच्या रूढीने घातलेले आहे. विद्यापीठीय पाठ्यपुस्तकांतील ‘सुखवाद’ ही संज्ञा आजही ते झाकण तसेच ठेवते. ॲरिस्टॉटलचा ‘युडायमोनिया’ हा शब्द, जो संवेदना नसून आयुष्यभराच्या सद्‌गुणयुक्त कर्माचे नाव आहे, तोही जेव्हा ‘सुख’ म्हणून वर्गात शिकविला जातो, तेव्हा त्याच्यात आणि बेंथममध्ये मतभेद कशावरून, हेच विद्यार्थ्याला उमगत नाही. तेथे ‘कल्याण’ हा साधा शब्द अधिक जवळचा होता.

उलट दिशेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. भालचंद्र सीताराम सुखटणकर यांचे ‘गीतारहस्या’चे इंग्रजी भाषांतर १९३५ च्या सुमारास निघाले, त्यात ‘सुख’साठी ‘हॅपिनेस’ हा शब्द सरसकट आहे. ज्या पानांवर टिळक निखळ संवेदनेबद्दल बोलत आहेत तेथे इंग्रजी वाचक अडखळतो, आणि ज्या पानांवर ते स्थितीबद्दल बोलत आहेत तेथे तो सुखेनैव पुढे जातो. मूळ ग्रंथातील सांधा कोठे आहे, हे या अडखळण्यावरून अचूक सापडते.

दुसरे कोणते नाम उपलब्ध होते? ‘आनंद’ हे प्रथम सुचते, कारण उपनिषदांची प्रतिष्ठा त्याला आहे. तैत्तिरीय उपनिषदातील आनंदमीमांसेत तर तरुण, सुदृढ, विद्वान आणि सर्व पृथ्वीचे धन लाभलेल्या मनुष्याचा आनंद हे एक परिमाण धरून शंभराच्या पटींनी वरवरच्या आनंदांची गणती केली आहे. बेंथमने १७८९ साली मांडलेल्या सुखगणिताला इतका जुना आणि इतका निराळ्या हेतूचा शेजारी क्वचितच मिळेल. परंतु रूढ मराठीत आनंद ही घटना आहे. तो ‘होतो’, आणि होऊन जातो. तो गगनात मावत नाही, पण घरात मुक्कामालाही राहत नाही. त्याची द्विरुक्ती केली तर ‘आनंदीआनंद’ होतो, आणि तो शब्द आपण कारभाराचा बोजवारा उडाल्यावर वापरतो. कर्मयोग्याच्या अखेरच्या अवस्थेला हे नाव देण्यात अडचण आहे.

राहिला ‘समाधान’. या शब्दाचा मराठीतील इतिहास स्वतंत्र अभ्यासाचा विषय व्हावा इतका लक्षणीय आहे. सम् + आ + धा ही त्याची घडण. ‘समाधी’ याच धातूपासून झालेला. वेदान्तातील शमदमादी साधनषट्कात समाधान येते ते चित्ताची एकाग्रता या अर्थाने. हिंदीत आज समाधान म्हणजे समस्येची सोडवणूक. मनाच्या तृप्तीसाठी तेथे ‘संतोष’ आहे. मराठीत शंकासमाधानाचा अर्थ टिकला, पण त्याच्या शेजारी मनाच्या स्थिरावण्याचा अर्थ वाढत वाढत मुख्य होऊन बसला, आणि ‘संतोष’ ग्रांथिक भाषेकडे सरकला. शंका फिटणे आणि मन निवणे यांना एकच शब्द असणे ही गोष्ट क्षुल्लक नव्हे: तृप्तीत काहीतरी बुद्धीला पटल्याचा अंश आहे, असे मराठी भाषा मानते. सुख देता येते, आनंद देता येतो. पण दुसऱ्याचे समाधान ‘करता’ येते, आणि तेही बोलून, समजावून, हिशेब दाखवून.

शिवाय समाधान दुःखाबरोबर राहू शकते. आजारी वडिलांची वर्षभर सेवा करून त्यांना गमावलेला मुलगा ‘केल्याचे समाधान आहे’ असे म्हणतो. त्या ठिकाणी ‘सुख आहे’ किंवा ‘आनंद आहे’ घालून पाहिले तर वाक्य विद्रूप होते. कर्तव्य केल्याचे ‘समाधान’ हीच रूढी. कर्तव्य केल्याचे ‘सुख’ अशी नाही. फलाची आशा सोडून कर्म करणाऱ्याची बुद्धी ज्या अवस्थेत राहते, तिचे वर्णन करण्यासाठी मराठीने हा शब्द तयार ठेवलेला होता. तो मध्यवर्ती केला असता, तर श्रेष्ठ व कनिष्ठ सुखांची उतरंड रचण्याचे कारण उरले नसते. सुख हे नीतीचे मापच नव्हे, असे टिळकांना सरळ म्हणता आले असते. आणि त्यांच्या ग्रंथाचा एकूण रोख पाहता त्यांना म्हणावयाचे होते ते हेच.

तरीही त्यांनी तसे केले नाही, याला निव्वळ अनवधान हे कारण पुरेसे वाटत नाही. प्रतिपक्षाचा शब्द घेऊनच प्रतिपक्षाला हरवावे, ही शास्त्रार्थाची जुनी रीत त्यांच्या हाडीमासी भिनलेली होती, हे एक कारण. दुसरे अधिक खोल असावे. ‘समाधान’ शब्दाची एक दुसरी बाजू आहे: समाधान ‘मानता’ येते. सुख मानणे, आनंद मानणे हे प्रयोगही आहेत, नाही असे नाही. पण त्यांत काहीतरी कमी आहे आणि ते झाकले जात आहे, ही कबुली असते. समाधानाच्या बाबतीत मात्र मानणे हाच सन्मान्य व्यवहार आहे. उपाशी मनुष्याला सुख मान, असे सांगणारा निर्लज्ज ठरेल. समाधान मान, असे सांगणारा साधू ठरतो. पारतंत्र्यातील समाजाला हा शब्द नीतीचे शिखर म्हणून दाखविणे किती धोक्याचे आहे, हे राजद्रोहाची सजा भोगणाऱ्या टिळकांना कोणी सांगावयास नको होते. याच प्रकरणात ते असंतोषाची बाजू घेतात आणि ऐश्वर्याचे मूळ असंतोषात आहे या महाभारतातील विचाराला उचलून धरतात, हा योगायोग नव्हे. व्हॅलेंटाइन चिरोलने १९१० साली त्यांना हिंदी ‘अनरेस्ट’चे जनक ठरविले. त्या शब्दाला ‘अशांतता’ हा प्रतिशब्द सहज चालला असता. मराठीने ‘असंतोष’ निवडला, आणि शिवीचा किताब झाला.

असे असले तरी अडचण सुटत नाही, फक्त तिचे स्वरूप स्पष्ट होते. ‘सुख’ घ्यावे तर सुखवाद परत येतो. ‘समाधान’ घ्यावे तर शरणागती आत शिरते. टिळकांनी पहिला धोका पत्करला. दुसरा धोका किती खरा आहे, हे दाखविण्यास अलीकडील काळातील उदाहरण पुरेसे आहे. २०१२ पासून निघणाऱ्या जागतिक ‘हॅपिनेस’ अहवालातील राष्ट्रांची क्रमवारी ज्या प्रश्नावर आधारलेली आहे, तो हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञाने १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या शिडीच्या कल्पनेवरून घेतला आहे. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्यांची शिडी कल्पावी, सर्वांत वरची पायरी म्हणजे आपल्याला शक्य असे उत्तमातले उत्तम आयुष्य, आणि आपण कोणत्या पायरीवर आहो ते सांगावे. या प्रश्नात सुखवाचक शब्दच नाही. त्यात विचारले जाते ते समाधान: आयुष्याचा हिशेब बुद्धीला पटतो की नाही. मराठी वृत्तपत्रे निकाल छापतात ते ‘सर्वांत आनंदी देश’ अशा मथळ्याखाली, आणि २०१८ ते २०२५ पर्यंत प्रत्येक वर्षी फिनलंड पहिला आला हे वाचून, त्या मितभाषी लोकांचा आनंद कोठे उतू जातो, असा प्रश्न वाचकाला पडतो. पुढे या आकड्यांवरून सरकारांनी काय करावे याची चर्चा होते, तेव्हा बोलणे रस्ते, इस्पितळे, निवृत्तिवेतन यांवर येते, म्हणजे ‘सुखसोयीं’वर. प्रश्न समाधानाचा, मथळा आनंदाचा, उपाय सुखाचा. अमर्त्य सेन यांनी १९८० च्या दशकात अशा मापनावर जो आक्षेप घेतला, की दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या इच्छाच आखडून घेतात आणि म्हणून त्यांच्या तृप्तीवरून त्यांची स्थिती ओळखू नये, त्याला मराठीत अर्ध्या वाक्यात सांगता येते: त्यांनी समाधान मानलेले असते.

फारसीतून आलेल्या ‘खुशी’ या शब्दाची गोष्टही याच संदर्भात नोंदविण्याजोगी आहे. मुळात प्रसन्नता दाखविणारा हा शब्द मराठीत ‘स्वखुशीने’, ‘तुझी खुशी’, ‘राजीखुशी’ अशा प्रयोगांतून इच्छास्वातंत्र्याचा वाचक झाला. जे आपल्या ताब्यात ते सुख, ही मनूची व्याख्या पंडितांनी संस्कृतात जपली. बाजारात आणि कचेरीत ती एका परकीय शब्दाने सिद्ध केली.

टिळकांच्या कसोटीने अखेर एक प्रयोग तपासावयाचा राहतो, आणि तो त्यांनी किंवा त्यांच्या टीकाकारांनी विचारात घेतलेला दिसत नाही. ‘कसे काय चालले आहे?’ असे विचारले असता मराठी मनुष्य सुख, आनंद वा समाधान यांपैकी एकही शब्द उच्चारत नाही. तो ‘बरे आहे’ म्हणतो. हे ‘बरे’ संवेदना सांगत नाही, आयुष्याचा निवाडा करीत नाही, मानून घेतल्याची कबुलीही देत नाही; दृष्ट लागू नये इतकेच सांगून थांबते. शिडीच्या कोणत्या पायरीवर ते नोंदवावयाचे, हे प्रश्नावली घेऊन दारात उभ्या असलेल्या मनुष्याला प्रत्येक वेळी स्वतःच ठरवावे लागत असेल.